अरण्याचे तीन ऋतु

एकदां पाहिलेलें अरण्य खरोखर पाहिलें असें म्हणूं नये. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाचें वन १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. आजच्या महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान होय. तेथें विद्यार्थ्यांसह मी दोन ऋतूंत गेलों.

मार्गशीर्षांत साग पानांनीं भरलेला होता, बांबूचीं बेटें दाट होतीं व ओढे वाहत होते. दोन दिवस फिरूनहि वाघ दिसला नाहीं. मुलें हिरमुसलीं.

वैशाखांत पुन्हां गेलों. अंगांतील ओल जपण्याकरितां सागानें पानें टाकलीं होतीं. ओढे कोरडे होते. पहिल्याच सकाळीं पाणवठ्यांत बसलेली वाघीण दिसली. मुलांच्या आनंदास पारावार उरला नाहीं. इतक्यांत वृद्ध वाटाड्या हळूच म्हणाला, "गुरुजी, दुसरीकडे पाणी नाहीं, म्हणून ती इथें आली."

त्या शब्दांनीं मला विचारांत पाडलें. आमच्या डोळ्यांची मेजवानी ती तिच्या जिवाची तगमग. आणि मार्गशीर्षांतील आमची निराशा ती वनाची समृद्धि!

तिसरा ऋतु पावसाळा. त्या वेळीं वनाचा गाभा प्रवाशांस बंद असतो. त्याच दिवसांत कोंभ फुटतात, तळीं भरतात आणि पुढील वैशाखाची शिदोरी सांठते. तें दृश्य आपणांस दिसावयाचें नाहीं, आणि तेंच योग्य आहे.

म्हणून, बालमित्रांनो, अरण्यांतून रिकाम्या डोळ्यांनीं परतलांत तर खिन्न होऊं नका. वाघ न दिसणें हेंहि कधीं कधीं त्याच्या क्षेमाचें वर्तमान असतें.