भाड्याची पावती

जुलैच्या पावसात जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ एका वाड्याची मागची भिंत बसली. भद्रकालीतून भाजी घेऊन मी तिकडून येत होते. दोरी बांधून रस्ता अडवला होता, माणसं छत्र्या धरून उभी होती आणि ढिगाऱ्यातून पांढऱ्या मातीचा वास येत होता. वर्षानुवर्षं कोरडी असलेली माती एकदम भिजली की येतो तो. मला आमच्या वाड्यातलं दार आठवलं, दाराआडची तार आठवली आणि त्या तारेत खोचलेल्या भाड्याच्या पावत्या.

आमचे दोन खण होते. भाडं 18 रुपये. महिन्याच्या पाच तारखेला बाबा मालकांकडे, म्हणजे अण्णांकडे जायचे. अण्णा पावतीपुस्तकात कार्बन सरकवून बॉलपेनने जोर देऊन लिहायचे. खालची प्रत जांभळी उठायची आणि वरची फाडून बाबांच्या हातात यायची. बाबा ती तारेत खोचायचे आणि म्हणायचे, "चला, महिना झाला." एका वर्षी बाबांना टायफॉइड झाला आणि भाडं राहिलं. तेव्हा अण्णाच पुस्तक घेऊन आमच्या दारात आले. पावती लिहिली, फाडली, तारेत खोचली. म्हणाले, "पैसे सवडीने द्या. पुस्तकात खाडा दिसायला नको." त्यांचं स्वतःचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं.

ते का गळत होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना 1 सप्टेंबर 1940 हा दिवस धरला होता. लढाईच्या काळात गावं माणसांनी भरली होती, भाडी भडकली होती, कुणालाही उद्या बाहेर काढता येत होतं. ते थांबवायला हा कायदा हवाच होता. पण दिवस पुढे गेले आणि भाडं तिथेच राहिलं. 18 रुपयांत कौलं फिरवून होत नाहीत, कुजलेली तुळई तर सोडाच. भाडेकरू तगले आणि वाडे खचले. आता दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. मालक म्हणतात खाली करा, भाडेकरू म्हणतात जायचं कुठे, आणि मधल्या मध्ये भिंत निर्णय देते. दोघांचंही खरं आहे. मी त्या वाड्यात वाढले म्हणून मला एका बाजूने बोलता येत नाही.

लग्नानंतर मी सिडकोत आले. सिडकोने नाशकात सहा योजनांत लहान घरं बांधली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लागलेल्या कितीतरी माणसांनी ती हप्त्याने घेतली आणि पुढे वर एखादा मजला चढवून तो भाड्याने दिला. त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला अशाच एका वरच्या खोलीत आम्ही राहत होतो. जिना बाहेरून, लोखंडी. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, नोटरी केलेलं. डिपॉझिट दिलं. पहिल्या महिन्यात मी पावती मागितली तर मालक हसून म्हणाले, "घरच्यासारखे आहात, पावती कशाला?"

हे गेले तेव्हा मुलगा पहिलीत होता. वर्षभर मी नीट चालले. डबा, शाळा, ऑफिस, संध्याकाळी अभ्यास. नातेवाईक म्हणायचे, खंबीर आहे हो. मग एका उन्हाळ्यात मी थांबले. रडू येत नव्हतं, कुणाची आठवणही फारशी येत नव्हती. सकाळी जाग यायची, उठून दूध तापवायचं एवढंच काम समोर असायचं आणि ते उन्हं खिडकीत येईपर्यंत होत नसे. शेजारी म्हणायचे टेन्शन घेते, सासरचे म्हणायचे आळस भरलाय. डिप्रेशन हा शब्द मला ठाऊक होता, पण तो माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नाही.

भाड्याचे 3,500 रुपये कपाटात साडीच्या घडीत मोजून ठेवलेले होते. एक जिना उतरून खाली नेऊन द्यायचे होते. ते माझ्याच्याने झालं नाही. आज नको, उद्या देऊ, असं करता करता ते पैसे किराण्यात गेले. मग नोकरी सुटली, आणि त्यानंतर द्यायला खरोखरच काही उरलं नाही. हा क्रम मी मुद्दाम सांगते, कारण तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. भाडं थकलेल्या बाईकडे पैसे नाहीत किंवा दानत नाही, एवढं दोनच तऱ्हेने लोक बघतात. माझ्याकडे आधी आजार आला, त्याने भाडं थकवलं, आणि थकलेल्या भाड्याने आजार दुप्पट केला.

आमचा पंखा जुना होता, फिरताना टक् टक् वाजायचा. लोखंडी जिन्यावर पावलं वाजली की माझा सात वर्षांचा मुलगा स्टुलावर चढून पंखा बंद करायचा. मी त्याला कधीच तसं सांगितलं नव्हतं. मे महिना होता. पंखा थांबला की खोलीत कसलाही आवाज राहायचा नाही. तो माझ्याकडे न बघता, दाराखालच्या फटीतून दिसणाऱ्या चपलांकडे बघत उभा राहायचा. कपाळावरून घामाचा ओघळ यायचा, तो पुसायलाही हात उचलायचा नाही. चपला गेल्या की पुन्हा स्टूल.

मालक वाईट नव्हते. सातपूरला कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, ईपीएस-95 ची पेन्शन हजार-बाराशे. वरच्या खोलीचं भाडं हाच त्यांचा खरा पगार होता. माझ्या थकलेल्या भाड्यामुळे खाली त्यांचाही महिना अडत होता. त्यांना राग यायचा तो मला आज समजतो.

मला राग आहे तो दुसऱ्यांवर, आणि तो मी सोडलेला नाही. खोली सोडावी लागेल असं दिसू लागलं तेव्हा आईने फोनवरून दोन-तीन एजंटांशी बोलणं लावून दिलं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की जागा नुकतीच गेलेली असायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, फक्त फॅमिलीसाठी. मी आणि माझा मुलगा त्यात बसत नव्हतो. चार पोरं मिळून राहणारी असती तर बॅचलर म्हणून नाकारली असती, मला कुठल्या नावाने नाकारत होते ते कुणी सांगितलं नाही. भाडं वेळेवर येईल का, हा प्रश्न रास्त आहे. नवरा कुठे आहे, हा नाही.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचा आणि थकलेल्या भाड्याचा तसा संबंध नाही, तरी आठवतात. त्या आमच्याच भागातल्या, गोदाकाठच्या जलालपूरच्या. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांच्या यजमानांनी, नारायण वामन टिळकांनी, मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आश्रयाला गेल्या. पुढची काही वर्षं स्वतःचं असं दार त्यांना नव्हतं. दुसऱ्याच्या घरात पोराला घेऊन राहणारी बाई किती हळू पावलांनी वावरते, पोराचा आवाज चढला की तिच्या पोटात कसं धस्स होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि म्हातारपणी 'स्मृतिचित्रे' लिहून मोकळ्या झाल्या. शाळेत आम्हाला त्यातला विनोद शिकवला. त्या बाईचं खचणं मला धड्यात कधी भेटलं नाही, ते मी मोठेपणी सबंध पुस्तक वाचलं तेव्हा भेटलं. आणि दत्तूबद्दल मला सारखं वाटत राहतं, की त्या परक्या घरांत पावलं वाजली की तो काय करत असेल?

वकिलाची नोटीस रजिस्टरने आली. सही करून घेतली आणि न उघडता भिंतीवरच्या कालनिर्णयमागे सरकवली. ती तिथे कितीतरी दिवस होती. पाकिटाच्या जाडीमुळे कालनिर्णय भिंतीपासून जरा सुटलेलं दिसायचं, आणि मी तिकडे पाठ करून बसायचे.

ती उघडली पलीकडच्या घरातल्या मावशींनी. त्या अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. एका रविवारी जिन्यावरून चढताना त्यांनी खालूनच हाक मारली, "अगं, मी आहे, पलीकडची." पंखा चालूच राहिला. आत आल्या, कालनिर्णय बघितलं, पाकीट ओढून काढलं. "मी वाचते, तू नुसती बस." मोठ्याने वाचलं, मग घडी घालून म्हणाल्या, "फाशी नाही लिहिलेली. पैसे लिहिलेत. बोलू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली. शेअर रिक्षाने सीबीएस बसस्टँड, तिथून चालत सिव्हिल हॉस्पिटल. मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरांनी माझ्याशी बोलून झाल्यावर मावशींनाही समजावलं, की गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करू देऊ नका. संध्याकाळी मावशी मला घेऊन खाली मालकांकडे गेल्या. मी काही बोलले नाही, त्याच बोलल्या. ठरलं ते असं: डिपॉझिटमधून थकलेलं वळतं करायचं, उरलेलं हप्त्याने द्यायचं, दिवाळीपर्यंत खोली सोडायची. पहिला हप्ता दिला तेव्हा मालकांनी माझ्या मुलाच्या चौरेघी वहीचं पान फाडलं, त्यावर रक्कम, तारीख आणि 'मिळाले' असं लिहून सही केली. त्या घरात मला मिळालेली ती पहिली पावती. खोली मात्र सोडावीच लागली. आम्ही आईकडे गेलो.

कायदा माझ्या बाजूने किती होता, हे मी पुढे वाचून काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. मालकाने लेखी पावती द्यायची, हे त्याच्या कलम 31 मध्ये आहे. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, हे कलम 55. भाडेकरूवर थकबाकीचा दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस आणि मग 90 दिवसांची वाट. समन्स आल्यावरही 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याजासह भरली तर त्या कारणाने बाहेर काढण्याचा हुकूम होत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला एवढं संरक्षण नाही. मुदत संपून जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि दुप्पट दराने भरपाई लागते. तरी कुणालाही कायद्याची वाट सोडून सामान जिन्यावर फेकता येत नाही. हे सगळं चांगलं आहे. पण यातली प्रत्येक मुदत पाकीट उघडू शकणाऱ्या माणसासाठी आहे. कालनिर्णयमागे ठेवलेल्या पाकिटातही ते 90 दिवस सरतच असतात.

मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, तिघांत मिळून फ्लॅट आहे. भाडं तो 28 तारखेलाच पाठवून टाकतो आणि फोनवर आलेला मेसेज जपून ठेवतो. त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही बोललेलो नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाला, "आई, तो पंखा फार वाजायचा, नाही?" आणि दुसरंच काही बोलू लागला. भाडं मोठी माणसं थकवतात, पण त्याचा पहारा मुलं करतात. आजारातून मी उठले. त्याने त्या खोलीत जे शिकून घेतलं ते त्याच्या अंगातून जाणार नाही, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

म्हणून हे लिहिते आहे. कुठल्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो. नाशकात या विधी सेवेचं कार्यालय सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आहे. सिव्हिलमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर दिवसरात्र मराठीतून बोलता येतं. पण जिला याची गरज आहे ती हे वाचून उठेल असं धरून चालू नका. तिला कुणीतरी सोबत लागतं.

तुम्ही मालक असाल तर पावती द्या, न मागता. भाडं थकलं तर वकिलाआधी एकदा स्वतः विचारा, की बरं आहे ना. आणि शेजारी असाल तर वर जा. पण जिना चढताना खालूनच हाक मारा, आपलं नाव सांगा, म्हणजे आतल्या लेकराला पंखा बंद करावा लागणार नाही.