वेग नेमका कुठे अडतो? घरगुती फायबर जोडणीच्या मंदपणाचे निदान

घरगुती इंटरनेट योजनेच्या नावात जो वेग छापलेला असतो तो जोडणीच्या एका विशिष्ट टप्प्यावरील कमाल मर्यादा सांगतो. ग्राहकाच्या हातातील फोनवर प्रत्यक्ष मिळणारा वेग मात्र दूरच्या सर्व्हरपासून त्या फोनपर्यंतच्या टप्प्यांपैकी जो सर्वांत अरुंद असेल त्याच्याइतकाच असू शकतो. सर्व्हर, त्याला सेवादात्याशी जोडणारे जाळे, सेवादात्याचे परिसरातील केंद्र, तेथून घरापर्यंत आलेला प्रकाशतंतू, घरातील टर्मिनल पेटी, राउटर, राउटर आणि यंत्र यांच्यामधील तार किंवा वाय-फाय, आणि अखेरीस ते यंत्र स्वतः, असे हे टप्पे आहेत. ‘फायबर घेतला तरी नेट हळूच’ या तक्रारीत दोष सहसा प्रकाशतंतूला दिला जातो. वस्तुतः या सर्व टप्प्यांत मंद होण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला टप्पा तोच आहे, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळशा तक्रारींचा तपास चुकीच्या जागी सुरू होतो.

वेगाचे एकक प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘एमबीपीएस’ म्हणजे दर सेकंदाला दहा लक्ष बिट, तर संगणकावर फाइल उतरत असताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटपेक्षा अधिक काही उतरू शकत नाही. शिवाय माहिती ज्या पाकिटांतून प्रवास करते त्या प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक आणि तपासणीचे संकेत असतात. इथरनेटच्या तारेवर त्यांत सुमारे ५ टक्के वाटा खर्ची पडतो, म्हणून १०० च्या दुव्यावर ९४ किंवा ९५ दिसणे हा दोष नव्हे.

प्रकाशतंतू मंद का होत नाही, हे समजण्यासाठी घरगुती फायबरची रचना पाहावी लागते. बहुतेक ठिकाणी ‘जीपॉन’ ही पद्धत वापरली जाते. तिच्यात सेवादात्याच्या केंद्रातील ‘ओएलटी’ या यंत्राच्या एका मुखातून निघालेला तंतू वाटेत ‘स्प्लिटर’ नावाच्या, वीज न लागणाऱ्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि प्रत्येक घरात ‘ओएनटी’ या पेटीत संपतो, जिला तंत्रज्ञ बोलताना ओएनयू असेही म्हणतात. केंद्राकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो व त्यावर सेकंदाला २.४८८ गिगाबिट वाहू शकतात; घराकडून केंद्राकडे जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा असून त्याची क्षमता १.२४४ गिगाबिट आहे, आणि ती सर्व घरे आखून दिलेल्या कालखंडांत आळीपाळीने वापरतात.

प्रकाशाची शक्ती ‘डीबीएम’ या एककात मोजतात; हे लघुगणकी एकक असल्यामुळे ३ डीबीची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे आणि १० डीबीची घट म्हणजे ती एक दशांश उरणे. ओएलटीतून प्रकाश ३ डीबीएमने निघाला असे धरले, ३२ घरांच्या विभाजकात सुमारे १७ डीबी गेले, पाच किलोमीटर तंतूत जेमतेम सव्वा डीबी आणि जोडांत एखाद-दोन डीबी खर्च झाले, तरी ओएनटीपर्यंत उणे १७ च्या आसपास प्रकाश पोहोचतो, आणि सर्वसाधारण ओएनटी उणे २७ पर्यंतचा प्रकाश नीट वाचू शकते. उणे १७ आणि उणे २३ यांत प्रकाशशक्तीचा चौपट फरक असला तरी वेगात फरक शून्य असतो, कारण ओएनटीला प्रकाश आहे की नाही एवढेच ओळखायचे असते. मर्यादेच्या अगदी काठावर, शेवटच्या एक-दोन डीबींच्या पट्ट्यात, बिट चुकीचे वाचले जाऊ लागतात, पाकिटे गळतात, आणि पाकीट गळणे म्हणजे रस्त्यात गर्दी असणे असा अर्थ लावणारा संगणक पाठवण्याचा वेग स्वतःहून कमी करतो. तेवढ्या अरुंद पट्ट्यातच तंतू ‘हळू’ भासतो. त्याखाली गेल्यावर पेटीवरचा लाल दिवा लागतो आणि जोडणी पूर्णच तुटते.

अशी काठावरची स्थिती येते तेव्हा तिची कारणे बहुधा घराजवळच असतात. तंतूचा ज्यातून प्रकाश जातो तो गाभा सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनी लहान असतो, त्यामुळे जोडाच्या टोकावर बसलेला धुळीचा एक कणही लक्षणीय अडथळा ठरतो. घरात वापरण्यासाठी बनवलेला, वाकणे सहन करणारा तंतू साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येतो; जुन्या प्रकारच्या तंतूला मात्र ३० मिलिमीटरची त्रिज्या लागते, आणि सरकत्या खिडकीच्या चौकटीत दाबला गेलेला किंवा कपाटामागे मुडपलेला तंतू प्रकाश बाहेर सांडू देतो. हिरव्या टोपणाच्या जोडाचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते आणि निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून घाईत ते जोडले जातात आणि काही डीबी नाहक गमावले जातात. कोकणात आणि घाटमाथ्यावर खांबांवरून टांगलेल्या तंतूंना फांद्या, माकडे आणि पावसाळ्यातील वारा यांचा उपद्रव असतो, पण त्यातून उद्भवणारा बिघाड बहुतेकदा मंदपणाचा नसून खंडित होण्याचा असतो. जोड काढून ग्राहकाने त्यात डोकावून पाहू नये. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी अपायकारक ठरू शकतो.

येथे एक गोष्ट खेदाने नोंदवावी लागते. ओएनटी स्वतःपर्यंत येणारी प्रकाशशक्ती सतत मोजत असते आणि तो आकडा तिच्या अंतर्गत पृष्ठावर लिहिलेला असतो, पण अनेक सेवादाते हे पृष्ठ ग्राहकाला बंद ठेवतात. निदानातील सर्वांत निर्णायक आकडा ज्याच्या घरात आहे त्यालाच तो पाहता येऊ नये, याचे समर्थन करणे कठीण आहे. जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाकडून हा आकडा विचारून लिहून ठेवणे आणि पुढे त्याची तुलना करणे हा सध्याचा व्यवहार्य उपाय होय.

‘फायबर’ या नावाने विकली जाणारी प्रत्येक जोडणी घरापर्यंत तंतूची असतेच असे नाही, हेही तपासले पाहिजे. शहरांतील अनेक सोसायट्यांत तंतू गच्चीवरील किंवा जिन्याखालील एका स्विचपर्यंत येतो आणि तेथून डक्टमधून किंवा भिंतीवरून सोडलेल्या तांब्याच्या तारेने सदनिकेत उतरतो. या तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला त्यांपैकी दोन जोड्या पुरतात, १००० एमबीपीएससाठी मात्र चारही जोड्या शाबूत लागतात. एक धागा तुटला, टोकाच्या प्लगमध्ये नीट दाबला गेला नाही किंवा पावसाच्या पाण्याने गंजला, तर दोन्ही बाजूंची यंत्रे बहुधा कसलीही सूचना न देता १०० वर उतरतात आणि जोडणी सुरूच राहते. याच कारणाने २०० किंवा ३०० एमबीपीएसची योजना घेतलेल्या घरात चाचणी दर वेळी ९३ ते ९५ च्या दरम्यान अडकून बसत असेल, तर तो आकडाच निदान आहे: वाटेत कुठेतरी १०० चा दुवा आहे. तो जुन्या स्विचचा असू शकतो, राउटरच्या स्वस्त मुखाचा असू शकतो, किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या हलक्या तारेचाही असू शकतो. दोष शोधताना यासारखी स्वच्छ खूण क्वचितच मिळते, आणि तरीही ती पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

म्हणून मोजमापाचा पहिला नियम असा की चाचणी प्रथम राउटरला चांगल्या तारेने जोडलेल्या संगणकावर करावी, आणि त्या वेळी घरातील अन्य वापर थांबवावा. तारेवर वेग पूर्ण मिळत असेल तर सर्व्हरपासून राउटरपर्यंतचे सर्व टप्पे निर्दोष ठरतात आणि प्रश्न केवळ वाय-फायचा उरतो. घरांतील बहुसंख्य तक्रारी याच ठिकाणी येऊन थांबतात.

वाय-फायमध्ये एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, आणि ही वाहिनी केवळ आपल्या घरापुरती नसून भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसह सर्वांची सामाईक असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता वापरता येतात. ठाण्यातील किंवा पिंपरी-चिंचवडमधील एखाद्या उंच इमारतीत एका खोलीतून वीस-वीस वाय-फाय नावे दिसत असतील, तर ती सर्व या तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बसलेली असतात, आणि त्यांत मायक्रोवेव्ह ओव्हन व ब्लूटूथ यांचीही भर पडते. या पट्ट्यात फोनवर दिसणारा १४४ एमबीपीएसचा दुवा प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग देतो, कारण आपली पाळी येण्याची वाट पाहणे, पोच देणे आणि चुकलेले पाकीट पुन्हा पाठवणे यांत उरलेला वेळ जातो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक व रुंद असतात. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्यातील मोठा भाग परवानामुक्त झाला, आणि दोन अँटेनांचा सामान्य फोनही तेथे ८६६ एमबीपीएसचा दुवा साधू शकतो. मात्र या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. आपल्याकडील घरांत काँक्रीटचे खांब, विटांच्या जाड भिंती, खिडक्यांचे लोखंडी ग्रील आणि आरसे असतात, आणि राउटर नेमका तंतू जेथून आत आला त्या मुख्य दारापाशी, टीव्हीच्या कपाटात किंवा चपलांच्या मांडणीवर बसवलेला असतो. मग शेवटच्या बेडरूममधील फोन गुपचूप २.४ कडे वळतो आणि दोष योजनेवर येतो. राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर व उंच ठेवणे, दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावे देऊन फोन कशावर आहे हे पाहणे, आणि दूरच्या खोलीसाठी तार ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणे, हे उपाय साधे असले तरी खरे उपयोगी आहेत. वाय-फायचाच संकेत पकडून पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर प्रत्येक पाकीट त्याच वाहिनीवर दोनदा बोलतो, त्यामुळे व्याप्ती वाढते आणि वेग साधारण निम्मा होतो.

तारेवरही वेग कमी आणि तोही केवळ रात्री आठ ते अकराच्या दरम्यान कमी मिळत असेल, तर कारण सेवादात्याकडे असते. जीपॉनची २.४८८ गिगाबिटची क्षमता ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापरली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतील. असे सहसा घडत नाही, म्हणून ही वाटणी एरवी जाणवत नाही. अधिक वेळा ओएलटीच्या मागचा, केंद्राला महाजालाशी जोडणारा दुवा अपुरा पडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत गर्दीच्या वेळी दुव्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा आणि ग्राहकाला घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असे मानक होते. त्यांची जागा १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या एकत्रित नियमांनी घेतली. लक्षात घेण्याजोगे हे की २००६ चे वेगाचे मानक सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्याच टप्प्याला लागू होते. वेग मोजणारी संकेतस्थळेही अनेकदा सेवादात्याच्याच जाळ्यातील जवळचा सर्व्हर निवडतात, म्हणून चाचणीत २०० दिसूनही एखादे संकेतस्थळ रखडते. अशा वेळी चाचणीचा सर्व्हर बदलून, दुसऱ्या शहरातील निवडून पाहिला पाहिजे. महिन्याच्या अखेरीस वेग एकाएकी घसरून दिवसभर एकाच आकड्यावर स्थिर राहिला, तर योजनेतील डेटामर्यादा संपली आहे काय, हे आधी पाहावे.

अंतराचा परिणाम याहून वेगळा आहे. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर असल्यामुळे जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतातच, आणि प्रत्यक्ष समुद्राखालील मार्ग लांब असल्याने वेळ त्याहून बराच अधिक होतो. पाठवणारा संगणक पोच येईपर्यंत किती माहिती वाटेत ठेवू शकतो याला मर्यादा असते. जुनी ६४ किलोबाइटची मर्यादा आणि पाव सेकंदाचा फेरा धरला तर गिगाबिटच्या जोडणीवरही वेग २ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. १९९२ नंतर ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली, तरी दूरच्या सर्व्हरवरून एकच फाइल उतरवताना हा परिणाम आजही दिसतो आणि त्यात ग्राहकाच्या जोडणीचा दोष नसतो.

वेग पूर्ण असूनही कोणी मोठी फाइल चढवू लागताच न्यू जर्सीतील मुलाशी चाललेला व्हिडिओ कॉल अडखळतो, यामागे राउटरमधील अवाजवी मोठी रांग असते. तिला अभियंते ‘बफरब्लोट’ म्हणतात. जाळ्यात गर्दी झाली की वेग आवरता घ्यावा हे संगणकांना शिकवण्याची गरज १९८६ मध्ये प्रकर्षाने दिसली, जेव्हा कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील अवघ्या चारशे यार्डांच्या अंतरावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय १९८८ मध्ये मांडला तो पाकीट गळण्याच्या संकेतावर चालतो. पण राउटरने पाकीट गाळण्याऐवजी ते सेकंदभर रांगेत ठेवले तर संकेतच उशिरा पोहोचतो. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग किती लांब आहे याऐवजी पाकीट तिच्यात किती काळ थांबले हे पाहणारी ‘कोडेल’ ही रीत सुचवली, आणि काही राउटरांत तिच्यावर आधारित सोय उपलब्ध असते. ती असल्यास चढवण्याची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवल्याने कॉल सुरळीत होतात. कमाल वेगातील तेवढी घट सोसण्याजोगी आहे.

तारेवर घेतलेल्या चाचण्यांत कमतरता कायम राहिली तर तक्रार नोंदवताना सकाळ, दुपार आणि रात्रीचे आकडे, चाचणीचा सर्व्हर, संगणकाच्या तारेवरील दुव्याचा वेग आणि मिळाल्यास ओएनटीची प्रकाशशक्ती एकत्र द्यावी व तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. निराकरण न झाल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे सेवादात्याच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.