औषध आठवड्याचे, सावधपण रोजचे

विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात भगवान बुद्धांनी आजारी माणसाविषयी फार व्यवहारी उपदेश केलेला आहे. कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणे कठीण जाते, हे त्यांनी पाच लक्षणांत सांगितले. जो अपथ्य करतो, जो हितकर गोष्टीचेही प्रमाण ओळखत नाही, जो औषध घेत नाही, जो आपले दुखणे वाढले की उतरले हे खरे सांगत नाही आणि ज्याला वेदना सोसवत नाही, असा तो रोगी. यातील दुसरे लक्षण पुन्हा वाचा. चांगल्या गोष्टीलाही प्रमाण असते. संधिवाताच्या औषधांच्या बाबतीत हे वाक्य मला घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेसे वाटते.

गेली नऊ वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन ते तीन पट अधिक होतो आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात होतो. आपल्या घरांत पोट हातावर असते. कचेरीत रजिस्टर लिहिणारी मी काय, धुणीभांडी करणारी भगिनी काय, बोटे वाकडी झाली की मिळकत थांबते. म्हणून औषध लवकर सुरू करणे आणि ते नीट घेणे, हा आपल्यासाठी भाकरीचा प्रश्न आहे.

या आजारावर जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेथे ते १९४०च्या दशकात तयार झाले. प्रथम ते कॅन्सरवर वापरात आले. संधिवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. “हे तर कॅन्सरचे औषध, घेऊ नको,” असे सांगणारे नातेवाईक मलाही भेटले. त्यांची माया खरी, पण माहिती अर्धी. कॅन्सरमध्ये मोठी मात्रा देतात, संधिवातात फार थोडी. आणि ती आठवड्यातून फक्त एक दिवस. रोज नाही.

हे ‘रोज नाही’ किती महत्त्वाचे, ते आमच्या वस्तीतील एका मावशींच्या बाबतीत दिसले. त्यांना दोन गोळ्या दिल्या होत्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवशी. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळसर. डॉक्टरांनी चिठ्ठीत बरोबर लिहिले होते, पण ते इंग्रजीत. दुकानातून गोळ्या मिळाल्या त्या पाकिटावर काहीच लिहिलेले नव्हते. घरी अदलाबदल झाली. फॉलिक आठवड्याला आणि मेथोट्रेक्सेट रोज सुरू झाले. आठ-नऊ दिवसांत तोंड आतून सोलवटले. घरच्यांना वाटले उष्णता झाली, म्हणून सब्जाचे पाणी दिले. मग ताप आला. सूनबाई माझ्याकडे धावत आली, “ताई, सासूबाईंच्या तोंडात पाणीसुद्धा जात नाही.” तिच्या हातातील रिकामी पाकिटे पाहिली आणि आम्ही त्याच रात्री मावशींना रिक्षात घालून रुग्णालयात नेले. रक्तातील पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने दिली. बारा दिवसांनी मावशी घरी आल्या. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

अशी गल्लत केवळ आपल्या अडाणीपणामुळे होते असे कोणी समजू नये. ब्रिटनसारख्या शिकलेल्या देशातही ती होते. तेथील औषध नियंत्रण संस्थेने २०२० साली डॉक्टरांना बजावले की, गोळी कोणत्या वारी घ्यायची ते रोग्याशी बोलून ठरवा आणि चिठ्ठीवर वाराचे नाव पूर्ण लिहा. आपणही हा आग्रह धरावा. “डॉक्टरसाहेब, वार मराठीत लिहून द्या,” असे म्हणण्यात कसला अपमान? तो आपला हक्क आहे. माझा वार मंगळवार आहे. मंगळवार आणि मेथोट्रेक्सेट, दोन्हींचे पहिले अक्षर ‘म’, म्हणून विसर पडत नाही. गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करते. एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या कधीही घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे.

दुसरा हिशेब मिलिग्रॅमचा. ही गोळी अडीच मिलिग्रॅमचीही येते आणि दहाचीही. अडीचच्या चार गोळ्या म्हणजे दहा. पण दुकानात दहाची गोळी मिळाली आणि आपण सवयीने चार घेतल्या तर चाळीस झाले! जनऔषधी दुकानात औषध स्वस्त मिळते, तेथून जरूर घ्यावे. मात्र कंपनीगणिक वरचे नाव बदलते, म्हणून मूळ औषधाचे नाव आणि आकडा दर वेळी वाचावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा.

रक्ततपासणी टाळू नये. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे ठरलेल्या अंतराने रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड तपासावे लागतात. मजुरी बुडते हे खरे, पण यकृतावर ताण पडत असेल तर तो आधी रक्तातच दिसतो. या औषधावर असताना दारू यकृताला दुहेरी मार देते. २२ प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा येथे शरीराचेही रक्षण करते. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधीच डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात हे औषध गर्भाला घातक आहे. ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आपल्या गोळ्या दाखवा. कोट्रायमॉक्साझोल नावाचे जंतुनाशक याच्याबरोबर घेतले तर रक्तपेशी धोक्यात येतात. तोंडात फोड, ताप, घसादुखी, कोरडा खोकला, धाप, अंगावर काळेनिळे डाग, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता डॉक्टर गाठावा.

आता उलट बाजू. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा धीर नसल्याने कित्येक जण ते सोडतात आणि ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या पुड्यांच्या मागे लागतात. अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आराम पडतो, पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. डॉक्टरही कधी स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि मुदतीने. ते अनेक दिवस चालू असेल तर एकदम बंद करणेही धोक्याचे असते, हळूहळू कमी करावे लागते.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी ते हैराण होत. त्यांनी गंडा-ताईत बांधला नाही. इन्सुलिन घेतले, आणि १९४८ पासून स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांची औषधे व पथ्य सांभाळत होत्या. अशा दुखण्यात त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिला. विज्ञानावर विश्वास म्हणजे डोळे मिटून गोळी गिळणे नव्हे. काय, किती आणि केव्हा, हे विचारून घेणे म्हणजे विज्ञान.

आमच्या महिला मंडळाने विहारात महिन्यातून एक रविवार ठरवला आहे. वंदनेनंतर ज्याने-त्याने आपली औषधांची पिशवी आणायची. शिकलेल्या मुली पाकिटावर मार्करने वार लिहितात, तारीख उलटलेली औषधे बाजूला काढतात. औषध बदलण्याचा सल्ला आम्ही कोणाला देत नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. मावशीही येतात. त्यांच्या दोन गोळ्या आता दोन वेगळ्या डब्यांत असतात, आणि नव्या बाईला त्या आधी विचारतात, “तुझा वार कोणता गं?”

आपापल्या विहारात एवढे एक काम सुरू करा. खर्च एका मार्करचा आहे.

जयभीम!