भिंतीची शांतता

काकूंनी फोनवर सांगितलं, "घर रडतंय. सगळीकडून." चार-पाच दिवसांत पाच ठिकाणं. सिंकखालची अँगल कॉक ठिबकते, बेसिनच्या नळाच्या स्पिंडलमधून पाणी येतं, फ्लशच्या टाकीचं पाणी थांबतच नाही, गीझरखालची बादली सकाळी चतकोर भरलेली असते, आणि बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल धरून पोपडे सुटायला लागलेत. कोथरूडमधली १९८६ सालची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन. काकू तळमजल्यावर राहतात. त्या घराच्या नळ्यांना आटे मीच पाडले होते, तेव्हा माझी पंचविशी होती. त्यामुळे पाच गळत्या ऐकून काळजी वाटायच्या आधी जरा अपमान वाटला.

एकाच वेळी अनेक गळत्या लागल्या की प्लंबरांचे दोन पंथ पडतात. एक म्हणतो, घर म्हातारं झालं, पाच रोग आहेत, पाच बिलं करा. दुसरा म्हणतो, कारण एकच असणार, शोधा. मी आयुष्यभर दुसऱ्या पंथातला. त्यात हुशारी किती आणि हौस किती, हे आता सांगायला हरकत नाही. "पाच नाहीत काकू, एकच आहे," हे वाक्य म्हणायला मला फार आवडतं. घरातली सगळी माणसं जमलीत, मी पाना पुसत ते वाक्य टाकतो आणि समोरच्यांचे चेहरे बदलतात. त्या क्षणासाठी मी पैसे कमी घेतलेत, पण तो क्षण सोडलेला नाही.

पहिल्या दिवशी मात्र मी मुकाट्याने तीन ठिकाणचे वायसर बदलले आणि घरी आलो. पाचव्या दिवशी वॉशबेसिनची जोडनळी फुटली. परत गेलो. हात धुवायला सिंकचा नळ सोडला, तर पाणी भांड्यांवर आपटून माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत उडालं. त्या सिंकशी पस्तीस वर्षांहून जुनी ओळख आहे माझी. तिथलं पाणी कधी असं उडत नसे. "गच्चीवर काही बसवलंय का?" बसवलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या शॉवरला जोर नाही म्हणून सोसायटीने टाकीखालच्या उतरत्या लाइनवर प्रेशर पंप टाकला होता. त्यासाठी वर्गणी काढली होती, ठराव झाला होता, पेढेसुद्धा वाटले होते. तळमजल्याला कोणी विचारलं नव्हतं.

भाच्याने गेज लावलं. तो आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स करून माझ्याबरोबर फिरतो. गेजसाठी कातड्याची पिशवी शिवून घेतलीये त्याने. टाकी नळापासून साधारण चौदा मीटर वर. दहा मीटरला एक किलो, म्हणजे या घराने इतकी वर्षं १.४ किलो दाब सोसला. सुई ३.८ वर होती, आणि वर कोणी नळ फटकन बंद केला की टुणकन उडी मारून परत येत होती. ३.८ म्हणजे काही राक्षसी दाब नव्हे. नव्या फिटिंगला त्याचं काहीच वाटणार नाही. पण १.४ वर म्हातारं झालेलं रबर आणि आतून गंजलेली जीआय नळी यांना त्या आकड्यापेक्षा सारखे बसणारे धक्के जड जातात.

तेव्हा मी ते वाक्य टाकलं. पाना पुसत.

सोसायटीशी तीन बैठका झाल्या. खालच्या दोन मजल्यांच्या जोडण्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसले, ते मी दोन किलोवर लावून दिले. कॉक थांबली, स्पिंडल थांबला, फ्लश थांबला. गीझरचे थेंब पुष्कळ कमी झाले. उरले ते पाणी तापताना पडतातच. तापलेलं पाणी फुगतं, त्याला कुठेतरी वाट लागते. ती गळती नव्हेच, पण पाचात धरली गेली होती.

भिंत मात्र ओलीच राहिली.

आता माझ्या कानांबद्दल सांगावं लागेल. नळीला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, हे मी १९८४ साली उस्तादांकडून शिकलो. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून सुटलं की सूं असा आवाज येतो, आणि भोक जितकं बारीक तितका तो वर चढतो. मला तो आवाज गिलाव्याच्या दीड इंच आत ऐकू यायचा. मी टाइलवर खडूने फुली मारायचो आणि गवंडी तिथेच छिन्नी लावायचा. फुलीखाली नळी निघायची आणि नळीवर भोक. मागच्या दिवाळीनंतर सुनेने बळेच कान तपासायला नेलं. उंच पट्टीचे आवाज गेलेत, वयाने आधी तेच जातात, असं तिथल्या बाईंनी समजावलं. ऐकताना मला वाटलं, उंच पट्टी म्हणजे नेमकी माझी पट्टी. मोटारीचा हॉर्न ऐकू येतो, टीव्ही ऐकू येतो. फक्त सूं गेला. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

काकूंच्या भिंतीला मी स्क्रू ड्रायव्हर लावला. काहीच नाही. गरम नळी, गार नळी, एल्बो, टी, सगळीकडे शांत. गेले काही महिने मला छळणारा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहिला. ही शांतता भिंतीची की माझ्या कानांची? पूर्वी शांतता म्हणजे उत्तर असायचं. इथे नळी धड आहे, पुढे चला. आता शांततेला काही अर्थच उरला नाही. ऐकू न येणं आणि आवाज नसणं आतून अगदी सारखं लागतं. बहिऱ्याला कोण सांगणार, की तू आता ऐकलंस ते काही नव्हतं!

भाचा म्हणाला, "मामा, मुख्य चावी बंद करून गेज लावलंय. पाऊण तास झाला, सुई हललेली नाही. सप्लायची नळी गळत नाहीये."

पोरगं बरोबर होतं. पण माझ्याकडे चाळीस वर्षांची विद्या होती, आणि विद्येत नको तेव्हा कारणं भरपूर सापडतात. मी म्हटलं, "अरे, जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. वरून झिरपून पाणी भरत राहतं, म्हणून सुई जागची हलत नाही." हे शास्त्राला धरून आहे. असं होतं, मी पाहिलंय. फक्त त्या दिवशी तसं झालेलं नव्हतं, आणि वरची चावी बंद करून खात्री करायला दहा मिनिटं पुरली असती. मला खात्री नको होती. माझ्या कानांना ऐकू न आलेलं भोक तिथे आहे, हे मी ठरवून बसलो होतो.

मी फुली मारली. अंदाजाने. गवंड्याने दोन फूट भिंत फोडली. आत माझीच नळी निघाली. आट्यांत मी भरलेला सफेदा आणि सूत तसंच, सगळं कोरडं ठणठणीत. माझ्या तरुणपणच्या कामाचा असा राग मला कधी आला नव्हता.

आजकालच्या पोरांबद्दल मी एरवी फार बोलतो. सीपीव्हीसीचं सोल्यूशन लावून दहा मिनिटांत पाणी सोडणारे, पितळी निपलला पगडी बांधावी इतकं टेफलॉन गुंडाळून प्लास्टिकचं सॉकेट तडकवणारे, ओल दिसली की भिंतीला भोकं पाडून केमिकल भरणारे. पंप हे तर दुखणंच आहे. कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांच्या कारागिरांनी नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं, वाटेत हवा जायला उच्छ्वास बांधले. उतार कळला की जोर लागत नाही, असं मी चहाच्या टपरीवर शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी भोक पाडणारा मीच होतो, त्यामुळे गप्प बसलो.

भाचा पहिल्या मजल्यावर गेला. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये बोळा कोंबून त्याने जमिनीवर दोन इंच पाणी साठवलं. रात्रभर खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी बादलीत नीळ कालवली आणि शॉवर पडतो त्या भिंतीवर तांब्याने मारत राहिला, टाइलच्या सांध्यांवर. तिसऱ्या प्रहरी काकूंच्या भिंतीवर, ओलीच्या कडेला, बोटभर निळी रेघ उमटली. नवा पंप आल्यापासून वरच्या मंडळींचा शॉवर सपासप भिंतीवर आदळत होता, आणि उखडलेल्या सांध्यांतून पाणी खाली येत होतं. त्या पाण्याला दाब नाही. ते सूं करत नाही. पंचविशीतल्या माझ्या कानांनाही ते ऐकू आलं नसतं. भिंत खरंच गप्प होती.

भाचा जिना उतरत म्हणाला, "बघा मामा, शेवटी कारण एकच निघालं. पंपच. तुम्ही म्हणालात तसं."

ही भीक होती. मला कळत होतं. आणि मी ती घेतली, काकूंच्या देखत, मान डोलावून. इतकंच नाही, भिंत का फोडली असं काकूंनी विचारल्यावर म्हणालो, "नळी एवढी जुनी, एकदा उघडून बघायलाच हवी होती." फोडण्या-भरण्याचे पैसे लावले नाहीत, पण खरं काय ते सांगितलं नाही. भाचा सिमेंटच्या पाटीकडे बघत उभा राहिला.

तशा टाइल्स आता मिळत नाहीत. गुलाबी ठिपक्यांच्या भिंतीत दोन फुटांचा पांढरा तुकडा बसलाय. काकूंनी त्याच्यापुढे टॉवेलचा स्टँड लावून घेतला. बाथरूममध्ये गेलो की मी आधी टॉवेल टांगलाय का ते बघतो.

स्क्रू ड्रायव्हर अजून पिशवीत असतो. नव्या घरी गेलो की नळीला लावतो, डोळे मिटतो, लोक गप्प होतात. मग डोळे किलकिले करून भाच्याकडे बघतो. तो गेजकडे बघत असतो, आणि हलकेच मान हलवतो.

मग मी फुली मारतो.