पायांची डॉक्टरीण

गेल्या वर्षी भाचीकडे सॅन होजेला दोन महिने राहून आलो. ती पोडायट्रिस्ट, म्हणजे फक्त पायांची डॉक्टर. बेळगावात हे सांगितलं तर शेजारी विचारतात, "मग गुडघ्याच्या वर कोण बघतं?" थट्टा सोडा, कॉलेजनंतर चार वर्षं डी.पी.एम. आणि वर तीन वर्षं रेसिडेन्सी, इतकं शिकून ती लोकांच्या पायांशी बसते.

तरी रोज रात्री जेवणं आटोपली की वही घेऊन बसायची. "मामा, पन्नास तास पुरे करायचेत." कॅलिफोर्नियात तिचा परवाना दर दोन वर्षांनी जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. नवा करायचा तर मान्य अभ्यासक्रमांचे ५० तास दाखवावे लागतात. शिवाय आपण अजून सक्षम आहोत याचा वेगळा पुरावा: दहा वर्षांच्या आतली परीक्षा किंवा तसंच काही. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, बी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं ते निवृत्तीलाच बाहेर आलं. मला हा सगळा जाचच वाटला, आणि तसं मी बोललोही.

"मोजे काढा, डोळे मिटा," ती म्हणाली. "लागलं की सांगा."

तिच्या हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. लागलं. लागलं. मग बराच वेळ काहीच नाही. थांबली असेल म्हणून डोळे उघडले, तर धागा माझ्या डाव्या अंगठ्याखाली टेकून वाकलेला.

दादांची आठवण झाली. १९८७ साली चपलेचा खिळा तळव्यात रुतला, आणि ते दोन दिवस तसेच बाजार करत हिंडले. आमचे डॉक्टर देवमाणूस, गरिबाकडून पैसे घेत नसत. "साखर आहे, भरेल हळूहळू," म्हणून त्यांनी पट्टी बांधली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांची पुस्तकं विद्यार्थिदशेतली होती, आणि नवं काय वाचलंत असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे डॉक्टरांनी पाच वर्षांत निदान ३० तास शिकावं, हे २००२ च्या नियमावलीत आलं. दादा तोवर गेले होते.

भाचीनं वही मिटली. दाराशी जाऊन माझी चप्पल उचलली आणि आतून हात फिरवून पाहिला. आता सकाळी मीही तेच करतो. बायको विचारते, "काय शोधताय?"