कोपी ओ कोसोंग आणि हायफन हायफन हेल्प

सिंगापूरला नव्याने आलेल्या माणसाची पहिली परीक्षा होते ती कोपीटियाममध्ये. नुसतं 'कोपी' म्हटलं की कन्डेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी समोर येते. 'कोपी सी'त इव्हॅपोरेटेड मिल्क, 'पेंग' म्हटलं की बर्फ. आमचे मधुमेही सासरे इथे आले तेव्हा 'ओ म्हणजे काळी' एवढंच ऐकून त्यांनी 'कोपी ओ' मागवली आणि पहिल्याच घोटाला थबकले. 'ओ'ने दूध जातं, साखर जात नाही! साखरही नको असेल तर पुढे 'कोसोंग' म्हणावं लागतं. हे फलकावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

आम्हा आयटीवाल्यांचंही असंच. काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करायची आणि तिच्यापुढे एक-दोन आडव्या रेघा देऊन 'ऑप्शन' जोडायचा. अडलं तर 'हायफन हायफन हेल्प'. आता गंमत बघा, 'व्ही' हे अक्षर कित्येक प्रोग्रॅममध्ये 'सविस्तर सांग' म्हणतं, पण 'ग्रेप'मध्ये 'न जुळणाऱ्या ओळी दाखव'. 'एसएसएच'ला पोर्ट सांगायला छोटा पी, तर 'एससीपी'ला मोठा, कारण तिथे छोटा पी फाइलची वेळ जपण्याच्या कामी आधीच लागलेला. अक्षरावरून अंदाज बांधायची सोय नाही. भिस्त सगळी त्या हेल्पमधल्या ओळीवर.

फायली कॉपी करणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या टूलमध्ये 'क्लीन' या ऑप्शनपुढे लिहिलं होतं, 'क्लीन करतो'. वा! रात्रपाळीच्या एका नव्या मुलीने पहाटे दोनला मला फोन केला. इंग्रजी तिची तिसरी भाषा. "क्लीन म्हणजे नेमकं काय जाणार?" मी कोड उघडून पाहिला आणि झोपच उडाली.

सकाळी मी त्या जागी चार ओळी लिहिल्या: जिथे कॉपी करायची त्या फोल्डरमधल्या, पण मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फायली पुसतो. पुसलेलं परत मिळत नाही. हा ऑप्शन न दिल्यास काहीही पुसलं जात नाही. आधी 'ड्राय-रन' देऊन यादी पाहा.

आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, "हेल्प एका ओळीत हवी. ज्याला कळत नाही त्याने कोड वाचावा." पहाटे दोनला? मला हे अजिबात पटलं नाही. ३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कित्येक आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' असा भाग आहे. स्वतःच्या प्रोग्रॅमची खोड स्वतःच लिहून ठेवलेली! त्या माणसांना जागेची काटकसर कळत नव्हती असं थोडंच आहे?

बरीच हुज्जत झाली, पण चार ओळी राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीने पाचवी सुचवली: फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर काय होतं, आणि नाही दिली तर काय.