राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

वाडा म्हटला की कोकणातल्या आपल्या माणसाला खोतांचे घर आठवते. चिरेबंदी जोते, कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची बाग. त्या बागेतली मेहनत आपल्या वाडवडिलांनी केली, भाताचे भारे आपल्या आज्यांनी डोक्यावरून आणून टाकले. पण पडवीची पायरी कोणी चढले नाही. वाडा पाहायचा तो खळ्याच्या कडेला उभे राहून, लांबून.

वसई-विरारकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना आणखी एक ‘राजवाडा’ ठाऊक आहे. नालासोपाऱ्याच्या त्या उंचवट्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, बुद्धाच्या आठ लहान मूर्ती, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. लोक ज्याला कोट म्हणत होते तो तथागतांचा स्तूप होता. वास्तू आपली, पण ओळख पुसली गेली होती.

म्हणूनच, ज्या वास्तूची ओळख आपल्याला अजून पक्की आहे ती तरी मुलाबाळांना दाखवावी, असे मनाने घेतले. एका रविवारी सासूबाईंना आणि धाकट्या मुलीला घेऊन नालासोपाऱ्याहून दादर लोकल पकडली. आम्ही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दरवर्षी जातो, परंतु गर्दीत आणि परतीच्या गाडीच्या घाईत राजगृह राहूनच जात असे.

दादर पूर्वेला उतरून हिंदू कॉलनीकडे चालत गेलो. सरळ आखलेले रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे, बेताच्या उंचीच्या जुन्या इमारती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने हा दादर-माटुंग्याचा भाग आखला. कामगारांसाठी बी. आय. टी. चाळी बांधल्या त्यादेखील याच ट्रस्टने. त्यांपैकी परळच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. दोन खोल्या, त्यात कुटुंब, भेटायला येणारी माणसे आणि दिवसेंदिवस वाढणारी पुस्तके. जागेच्या त्या अडचणीतून राजगृह उभे राहिले. १९३३ च्या सुमारास बांधकाम पूर्ण झाले आणि बाबासाहेब चाळ सोडून येथे राहायला आले.

राजगृह तीन मजली आहे. सज्जे आहेत, दर्शनी भाग देखणा आहे. पण संस्थानिकांच्या महालासारखा थाटमाट नाही. या वास्तूचे मोठेपण तिच्या आखणीत आहे. खाली कुटुंबाचे राहते घर आणि वर ग्रंथालय व कचेरी, अशी बाबासाहेबांनी विभागणी केली. इतर श्रीमंतांच्या घरात वरचा मजला दिवाणखान्याला असतो, येथे तो ग्रंथांना मिळाला. जवळच ‘चार मिनार’ नावाची त्यांची दुसरी इमारत होती. ती पुढे विकली गेली, राजगृह मात्र त्यांनी राखले. आणि तेथे जमवलेल्या ग्रंथांतला मोठा ठेवा पुढे त्यांनीच १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाला दिला. घरातले पुस्तक समाजाच्या पोराच्या हाती पडावे, ही त्यामागची तळमळ.

या घराचे सुख माता रमाईंच्या वाट्याला फार थोडे आले. गोवऱ्या थापून संसार ओढला, मुले गमावली, आणि नव्या घरात जेमतेम पाय टेकले तोच आजाराने गाठले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने आणले तेही याच घरी. येथूनच ७ डिसेंबरला त्यांची अंत्ययात्रा निघाली.

आज तळमजल्यावरील दालने दर्शनासाठी खुली आहेत. बाबासाहेबांची छायाचित्रे, वापरातल्या वस्तू पाहता येतात. आम्ही दाराशी पोचलो, चपला काढल्या, आणि सासूबाई पायरीपाशीच थांबल्या.

“मी हितंच बसते गो, तुम्ही बघून या.”

मला वाटले, गुडघे दुखत असतील. तसे नव्हते. लहानपणी आईबरोबर खोतांच्या खळ्यात बसून राहायची सवय पंचाहत्तरीतही अंगातून गेली नव्हती. एवढे मोठे घर दिसले की पाय आपोआप बाहेर थांबतात. ज्या खोतीच्या नायनाटासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ती कागदावरून कधीच गेली. मनाच्या पायरीवर मात्र अजून बसून आहे. तेवढ्यात माझ्या मुलीने आजीचा हात धरला. “आजी, हे बाबासाहेबांचं घर आहे. चल.” सासूबाई उठल्या. आत गेल्या, तसबिरीपुढे हात जोडून किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

राजगृहाभोवती वाड्यासारखी ऐसपैस बाग नाही. आवारात कुंड्यांमधली झाडे आहेत. ७ जुलै २०२० रोजी याच आवारात शिरून कुंड्या फोडल्या गेल्या, खिडकीच्या काचांवर दगड मारले गेले. एखाद्याला फुलझाडाचाही राग यावा, तो त्या झाडाचा नसतो. आमच्या माणसाने असे घर बांधले, याचा तो राग असतो. सगळ्या महाराष्ट्रात संताप उसळला, तरी समाजाने संयम सोडला नाही. कुंडीत पुन्हा माती घातली की रोप पुन्हा लागते.

घराचे नावही बागेची आठवण देते. मगधाची राजधानी राजगृह. तेथे बिंबिसार राजाने आपले वेळूवन तथागतांना आणि भिक्खुसंघाला दान दिले. राजाच्या मालकीची बाग ज्ञानासाठी मोकळी झाली. बाबासाहेबांनी आपल्या घराला हे नाव दिले ते उगाच नव्हे.

परतीच्या गाडीत मुलगी गप्प होती. बोरिवली गेल्यावर म्हणाली, “आई, आपल्या घरात पुस्तकांची जागा कुठली?” दहा बाय दहाची खोली, त्यात पाच माणसे. मला उत्तर सुचेना. घरी आल्यावर सासूबाईंनीच टीव्हीच्या वरच्या फळीवरचे डबे खाली उतरवले, फळी पुसली आणि म्हणाल्या, “ही घे तुझी माडी.”

दादरला जाल तेव्हा एक तास हाताशी ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून बरोबर न्या. आणि ते पायरीवर थांबले, तर हात धरून आत घेऊन जा.

जयभीम.